कपाटातली बाडं रद्दीत घालण्याआधी : सीमाभागातल्या वाचनालयांना खुलं पत्र

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि आसपासच्या गावांतल्या मराठी वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाच्या सर्व सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

मी शहापुरात राहतो आणि गेली बावीस वर्षं जुनी नाणी जमवतो, त्यांचा अभ्यास करतो. हे पत्र लिहायला बसलो ते एका पोत्यामुळे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाचं नूतनीकरण निघालं. माडीवरची दोन लाकडी कपाटं रिकामी केली गेली. त्यांत वाळवी लागलेली मासिकं होती, कुणीतरी कधीकाळी देणगी दिलेले बांधीव इंग्रजी ग्रंथ होते आणि खारव्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या मोडी चोपड्या होत्या. मला कळलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. रद्दीच्या दुकानात धावत गेलो. एकच पोतं उरलं होतं, बाकीचा माल गाडीत भरून गेलेला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ठेवलो असतो की मी. खरं कुणाला वाचाय येतंय ते?"

वाचनालयाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. नव्या पुस्तकांना जागा हवी होती, कपाटाला वाळवी लागली होती आणि आत काय आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. अशी कपाटं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या माडीवर आजही उभी आहेत, म्हणून हे पत्र एकट्या त्या संस्थेला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे.

त्या पोत्यात एका सराफी पेढीची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) निघाली. पहिली पाच-सात पानं गेलेली, कडा कुरतडलेल्या, पण शाई अजून काळीभोर. पानाच्या वर 'श्री', खाली मिती, डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. हे सगळ्याच चोपड्यांत असतं. मी थांबलो ते रकमेच्या पुढचे शब्द वाचून. नुसते 'रुपये' असं कुठंच नव्हतं. मल्हारशाही इतके, अंकुशी इतके, शहापुरी इतके, आणि प्रत्येकाच्या पुढं शेकडा बट्टा (किमतीतली कपात). म्हणजे या पेढीवर रुपया आला की तो कुठल्या टांकसाळीचा हे आधी पाहिलं जाई आणि मग त्याची किंमत ठरे. नाण्यावर बादशहाचं नाव असतं, सन असतो, टांकसाळ असते. पण सराफाच्या गादीवर त्या नाण्याला काय मान होता हे नाणं कधीच सांगत नाही. ते फक्त अशी चोपडी सांगते. त्या पोत्यातून एक चोपडी वाचली. गाडीतून किती गेल्या असतील याचा विचार मनातून जात नाही.

आता तुम्ही विचाराल, नाण्यांच्या छंदाचा आणि वाचनालयाचा संबंध काय? माझ्याकडचा एक रुपया दाखवतो.

हा मला माझ्या आत्येच्या घरातल्या पितळी डब्यात मिळाला. अकरा ग्रॅमच्या थोडा वर भरतो, आजच्या नाण्यांपेक्षा जाड आणि आकाराने लहान. काठावर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा आहेत, चांदी आतपर्यंत खरी आहे का हे पाहण्यासाठी केलेल्या. मजकूर फारसीत. पण त्या काळी ठसा मोठा असे आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे बहुतेक नाण्यांवर पूर्ण मजकूर उमटत नसे. माझ्या रुपयावर 'जुलूस मैमनत मानूस' (राज्यारोहणाचं शुभ वर्ष, अशा अर्थाचे शब्द) यातला मधला तुकडा आहे आणि तळाला, जिथं टांकसाळीचं नाव असतं, तिथं 'आझम' एवढंच वाचता येतं. पुढची अक्षरं चकतीच्या बाहेर राहिली.

1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि पुढं बेळगावला त्याच्या मुलाच्या नावावरून आझमनगर म्हणू लागले. पण टांकसाळीच्या नावांत 'आझमनगर गोकाक' असंही एक नाव आहे, 'आझमनगर बंकापूर' असंही आहे. शिवाय मराठ्यांच्या टांकसाळीतही रुपया मोगल बादशहाच्याच नावाने पडे, कारण बाजार त्याच छापाला ओळखत होता. त्यामुळे बादशहाचं नाव वाचून नाणं कुणी पाडलं हे ठरत नाही. मग उरतो एकच मार्ग. त्याच ठशातून निघालेली दुसरी नाणी पाहायची, एकावर नावाचा डावा तुकडा असेल, दुसऱ्यावर उजवा, आणि ते जुळवून पूर्ण ठसा उभा करायचा. ती दुसरी नाणी माझ्याकडे नाहीत. ती जुन्या संग्रहालयांच्या सूचींत, नियतकालिकांच्या चित्रपानांवर, म्हणजे नाण्यांचे फोटो छापलेल्या पानांवर आहेत. आणि ते ग्रंथ तुमच्या कपाटांत आहेत.

मी आधी संगणकावर शोधलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 21 वा खंड, 1884 चा, बेळगाव जिल्ह्याचा, सहज मिळतो. धारवाडचा 22 वा, विजापूरचा 23 वा, कोल्हापूरचा 24 वा, हेही मिळतात. त्यांत 'भांडवल' या अर्थाच्या प्रकरणात त्या त्या जिल्ह्यातलं चलन, सावकारी, हुंडी यांची माहिती असते. नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याने ते प्रकरण आधी वाचावं, इतिहासाचं प्रकरण मागाहून. न्यायमूर्ती रानड्यांनी 1899 मध्ये मराठी राज्यातल्या टांकसाळींवर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढं निबंध वाचला, तोही संस्थेच्या नियतकालिकात आहे आणि स्कॅन झालेला आहे. आपल्या दक्षिणेत गावोगावच्या टांकसाळी हलकं नाणं पाडतात म्हणून त्या मोडून धारवाडला एकच टांकसाळ ठेवायचा पेशव्यांचा प्रयत्न होता, तो या निबंधात वाचून कळतो.

शोधणं मात्र सोपं नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या गावांची नावं कानाला येतील तशी लिहिली. कित्तूर 'डबल ओ'ने शोधावं लागतं, गोकाकमध्ये मधेच 'यू' घुसतो, शहापूरचा 'ह' गळून 'शापूर' होतो. बेळगाव एका ठिकाणी 'यूएम'ने संपतं, दुसरीकडे 'एएम'ने, आणि 2014 नंतरच्या याद्यांत ते बेळगावी. मी एका वहीत प्रत्येक गावाची अशी चार-पाच स्पेलिंगं लिहून ठेवली आहेत आणि दर शोधाला ती सगळी घालून पाहतो. नव्याने शोधणाऱ्याला माझा पहिला सल्ला हाच असतो.

आणि मग हवा तो ग्रंथ सापडतो, चित्रपान उघडतो, आणि पानावर फक्त काळे डाग असतात.

हे मी अनेकदा अनुभवलं आहे. सुरुवातीच्या काळात पुस्तकं स्कॅन करताना फाइल लहान राहावी म्हणून फक्त काळं-पांढरं स्कॅन करत. मजकुराचं त्यात फारसं बिघडत नाही. नाण्याचा फोटो मात्र मरतो. करड्या रंगाच्या छटा गेल्या की अक्षर आणि पार्श्वभूमी एक होते. घडी घातलेले नकाशे न उलगडता स्कॅन केलेले असतात. मधली पानं गळलेली, शेवटची सूची नाहीच, एखाद्या पानावर चित्राच्या बरोबर मध्यभागी स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. मला हवी असलेली सूची अशीच होती. 'आझमनगर'ची नाणी ज्या चित्रपानावर होती ते म्हणजे सोळा काळी वर्तुळं.

तीच सूची पुढं मला एका वाचनालयात, कागदावर, खरीखुरी सापडली. चित्रपानं इतकी स्वच्छ की भिंगाखाली ठिपके मोजता येत होते. मी मोबाइलवर मला हव्या त्या एका पानाचा फोटो काढला आणि घरी आलो. दुसऱ्या वर्षी बाकीची पानं घ्यायला गेलो. कपाट नव्हतं. नूतनीकरण झालेलं ते हेच वाचनालय, हीच माडी. त्या दिवशी दोन तास बसून सगळा ग्रंथ टिपायला हवा होता, ही माझी चूक मी मान्य करतो. पण तो ग्रंथ वाचवण्याची जबाबदारी कधीतरी येणाऱ्या एका वाचकाच्या मोबाइलवर सोडता येणार नाही.

आपल्या भागाची अडचण इतर ठिकाणांपेक्षा मोठी आहे, आणि ती कुणा एकाची चूक नाही. हा मुलूखच अनेक दप्तरांत वाटला गेला. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला कंपनीने घेतला, पण हाकेच्या अंतरावरचं शहापूर सांगली संस्थानातच राहिलं. रस्ता ओलांडला की राज्य बदलत होतं. रामदुर्गचं संस्थान वेगळं, निपाणकरांचा कारभार वेगळा, कित्तूरचा वेगळा. पेशव्यांचे कागद पुण्याला रुमालांत बांधलेले आहेत, कोल्हापूरचे कोल्हापुरात, इलाख्याचे मुंबईत, काही लंडनला. 1956 मध्ये राज्यं नव्याने आखली गेली आणि आपण राहिलो एका राज्यात, आपले जुने कागद बहुतेक दुसऱ्या राज्यात. मजकूर मोडीत, फारसीत, कानडीत, इंग्रजीत. एका रुपयाची कथा सांगायला चार लिप्या आणि पाच गावं लागतात. या फाटाफुटीत जे कागद याच मातीत, घरांत आणि वाचनालयांत राहिले, त्यांची दुसरी प्रत कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. सराफाची रोजकीर्द, देवस्थानाचा जमाखर्च, गावातल्या एखाद्या शिक्षकाने पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली सापडलेल्या नाण्यांची नोंद, हे कोण कुठं जपणार?

इथल्या जमिनीत काय दडलं आहे हेही आठवा. आपल्या वडगाव-माधवपूरला उत्खनन झालं तेव्हा सातवाहनांची नाणी निघाली. खानापूर तालुक्यातलं हलशी ही कदंबांची राजधानी, आणि गोव्याच्या कदंबांची सिंहाची सोन्याची नाणी आज जगभरच्या संग्रहांत आहेत. शिवराई हे तांब्याचं नाणं तर आमच्या लहानपणी कुणाच्याही देवघरात असे, एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति'. नंतरच्या दुदांडी शिवराईवर मधे दोन आडव्या रेघा. आज एखाद्या शेतात नांगराला हंडा लागला तर कायदा स्पष्ट आहे. कर्नाटकाच्या 1962 च्या निखात निधी कायद्यानुसार असा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक घाबरून कळवत नाहीत, नाणी वितळतात किंवा गुपचूप विकली जातात, आणि कुठल्या गावी, कशासोबत सापडली हे कायमचं पुसलं जातं. गावाचं नाव सुटलं की ती नुसती जुनी चांदी. म्हणून वर्तमानपत्राच्या जुन्या फायलीत 'अमुक गावी नाण्यांचा घट सापडला' अशी तीन ओळींची बातमी असेल तर आम्हा अभ्यासकांना ती अख्ख्या ग्रंथाइतकी मोलाची असते. तुमच्या माडीवरच्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली तेवढ्यासाठी तरी राहू द्या.

तुमच्यापैकी काही जण म्हणाल, सगळं इंटरनेटवर आहेच की. मीही असंच समजत होतो. मी वर्षानुवर्षं फक्त दुवे लिहून ठेवले, फायली उतरवून घेतल्या नाहीत. मग डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा सरकारी प्रकल्प, जिथं भारतीय भाषांतली लाखो पुस्तकं होती, त्याचं संकेतस्थळ 2017 च्या सुमारास बंद पडलं आणि माझ्या वहीतली पानंच्या पानं निकामी झाली. त्यातली बरीच पुस्तकं आज वाचता येतात ती एवढ्यासाठी की काही लोकांनी त्यांच्या प्रती आधीच इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथसंग्रहावर चढवल्या होत्या. 2023 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, कित्येक महिने तिथली सूची आणि स्कॅन केलेली हस्तलिखितं कुणालाच पाहता येईनात. 2024 च्या ऑक्टोबरात खुद्द इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. एवढ्या मोठ्या संस्थांवर ही पाळी येते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. उपयोगाची फाइल दिसली की त्याच दिवशी उतरवून घ्यायची, एक प्रत घरच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या मित्राकडे. संकेतस्थळाचं पान असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या प्रती ठेवणाऱ्या सोयीत, ते जतन करून ठेवायचं.

फाइलला नाव देण्याचंही तसंच. 'स्कॅन 0047' नावाची फाइल असून नसल्यासारखी. मोडी तर यंत्राला धडपणे वाचता येत नाही, जुन्या छपाईच्या देवनागरीतही ते जोडाक्षरं चुकतं. म्हणून माणसाने लिहिलेली चार ओळींची नोंद लागतेच. ग्रंथाचं नाव, साल, कुणी दिला, किती पानं, कुठली पानं नाहीत, आत कुठल्या गावांची नावं आहेत. ही नोंद देवनागरीत असावी, कानडीत असावी आणि इंग्रजीतही असावी. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. धारवाडचा एखादा कानडी अभ्यासक जर तुमच्या कपाटातली चोपडी शोधत असेल तर ती त्याला मिळाली पाहिजे. बेळगावच्या टांकसाळीचा रुपया मराठी सराफानेही परखला आहे आणि लिंगायत व्यापाऱ्यानेही. भाषेचा आपला लढा आपल्या जागी आहे, त्यात मी तुमच्याबरोबर आहे, पण कागद वाचवताना कुणाला दार बंद करू नये.

खर्चाची भीती बाळगू नका. मोठं यंत्र लागत नाही. बरा मोबाइल किंवा कॅमेरा, तो वरून खाली धरणारा स्टँड, दोन बाजूंना दोन दिवे, खाली काळं कापड आणि पान दाबायला काच एवढ्यावर काम होतं. फक्त काही गोष्टींत तडजोड करू नका. रंगीत किंवा करड्या छटांतच टिपा, निव्वळ काळं-पांढरं नको. मजकुराला इंचाला 300 बिंदू पुरतात, नाण्यांच्या चित्रांना 600 ठेवा. मुखपृष्ठ, पुठ्ठ्याची आतली बाजू, कोरी पानं, देणगीदाराची सही, शिक्के, समासातली शेरेबाजी, सगळं घ्या. मागाहून नको वाटलं तर काढता येतं, न टिपलेलं परत आणता येत नाही. चोपडी टिपताना बाजूला मोजपट्टी ठेवा. आणि मूळ कागद टाकू नका. स्कॅन झाला म्हणून मूळ रद्दीत गेलं तर आपण तीच चूक नव्या पद्धतीने केली असं होईल.

हक्कांचा प्रश्नही सभेत निघेल. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. गॅझेटियर, जुनी नियतकालिकं, एकोणिसाव्या शतकातले ग्रंथ यांत तर अडचणच नाही. ते इंटरनेट अर्काइव्हवर फुकट चढवता येतात, मराठी मजकूर असेल तर विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयावरही. घरांतून आलेल्या चोपड्यांसाठी मात्र त्या घराला विचारा. लेखी संमती घ्या. काही कुटुंबांना जुनी देणी-घेणी उघड व्हावीत असं वाटत नाही आणि त्यांचा मान राखला पाहिजे. अशी चोपडी जाहीर न करता फक्त प्रत काढून जपून ठेवली तरी पुष्कळ.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्या की साठ वर्षांपेक्षा जुना कुठलाही छापील किंवा हस्तलिखित कागद, त्याची यादी होऊन प्रत निघाल्याशिवाय, संस्थेबाहेर जाणार नाही. रद्दी म्हणून नाही, देणगी म्हणून नाही, 'वाचायला नेतो' म्हणूनही नाही. एक ओळीचा ठराव आहे. यादी करायला हात कमी पडत असतील तर मी येईन. मोडी वाचणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत, तेही यायला तयार आहेत. कॉलेजातली मुलं तर सांगायचा अवकाश, आनंदाने बसतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिघींनी माझ्याबरोबर त्या रोजकीर्दीची एकशे बारा पानं दोन दिवसांत टिपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातल्या एकीने 'शहापुरी' हा शब्द मोडीत स्वतः ओळखला आणि बोट तिथंच ठेवून बाकीच्यांना हाक मारली. त्या पानाची प्रत मी या पत्रासोबत प्रत्येक वाचनालयाला पाठवतो आहे.

शनिवार-रविवार मला मोकळा असतो. स्टँड, दिवे, काच आणि हार्ड डिस्क माझी मी घेऊन येईन. तुम्ही माडीच्या कपाटाची किल्ली तेवढी शोधून ठेवा.

आपला,
शहापूरचा एक नाणेसंग्राहक आणि तुमच्यापैकी दोन वाचनालयांचा आजीव सभासद